मुक्कामी गाडी आणि दोन वर्षांचा अनुभव

आमच्या अमरावतीत अभ्यास करणाऱ्या माणसाला मान आहे. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "तुमचा पोरगा काय करते?" आणि बापानं "अभ्यास करते" असं सांगितलं, की पुढचा प्रश्न येत नाही. कसला अभ्यास, केव्हापासून, पुढे काय, हे विचारणं असभ्यपणाचं समजतात. शहरभर अभ्यासिका आहेत, अभ्यासिकांखाली चहाच्या टपऱ्या आहेत, आणि चालू घडामोडी तोंडपाठ असलेली एक अख्खी पिढी त्या टपऱ्यांवर उभी आहे. मी याच शहरात, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसते. माझं काम असं की तो असभ्य प्रश्न मी विचारते. अभ्यास ठीक आहे बाबा, पण काम काय केलंस?

माझ्या दारावर 'सार्वजनिक धोरण अभ्यासक्रम, प्रवेश मार्गदर्शन' अशी पाटी आहे. ती वाचून एकदा एक गृहस्थ गल्लीतल्या तुंबलेल्या नालीची तक्रार घेऊन जिना चढून आले होते. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज कसा आणि कुणाकडे करायचा ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात नाली मोकळी झाली. त्या वर्षात माझं इतक्या लवकर तडीस गेलेलं दुसरं काम नव्हतं.

पाटीवरचा शब्द भारी आहे म्हणून सोपं करून सांगते. सरकार एखादा निर्णय घेतं. तो मुंबईहून किंवा दिल्लीहून निघून एखाद्या खेड्यातल्या बाईच्या दारात पोचेस्तोवर त्याचं काय काय होतं, कुठे अडतो, कुणाला मिळतो, कुणाच्या ताटातून काढून घेतला जातो, आणि असा निर्णय आधीच नीट कसा करावा, हे शिकवणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम आता देशात बऱ्याच ठिकाणी निघाले आहेत. हिशेब येतो, अर्थशास्त्र येतं, कायदा येतो. मी स्वतः पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. दहाएक वर्षं नोकरी केल्यावर अभ्यासरजा घेऊन असाच एक अभ्यासक्रम केला. वर्गातली बाकीची मुलं मला आधी दीदी आणि परीक्षा जवळ आल्यावर मॅम म्हणायची. परत आल्यावर ओळखीपाळखीची पोरं विचारायला यायला लागली, मग त्यांच्या ओळखीची, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की नोकरीपेक्षा मला हेच जास्त जमतं.

या अभ्यासक्रमांची एक गोम आहे. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी प्रवेशाला आधी काही काळ काम केल्याचा अनुभव लागतो. कुठे ती अट असते, कुठे अट नसते पण मुलाखतीत सगळा रोख तिकडेच असतो, आणि शिष्यवृत्ती हवी असेल तर बहुतेक वेळा दोन वर्षं तरी दाखवावीच लागतात. आमच्या पोरांना हे कळलं की त्यांचा चेहरा पडतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत काढलेली पाच-सहा वर्षं इथे अनुभवात धरत नाहीत. मला विचाराल तर अट बरोबर आहे. त्या वर्गात शिकवणं म्हणजे निम्मं बोलणं असतं. ज्यानं कधी सरकारी खिडकीच्या आतून किंवा बाहेरून ताटकळत दिवस काढला नाही, त्याला तिथे विचारायला प्रश्नच सुचत नाही.

अट कळल्यावर माणसं काय काय घेऊन येतात! एक तरुण जाडजूड फाईल घेऊन आला होता. रक्तदान शिबिरं, वृक्षारोपणं, सत्कार. प्रत्येक फोटोत तो कुठल्या ना कुठल्या पुढाऱ्याच्या खांद्यामागे. मी विचारलं, लावलेल्या झाडांचं पुढे काय झालं? तो म्हणाला, झाडांचे फोटो वेगळ्या फाईलमध्ये आहेत. याच्या उलट एक पोलीस शिपाई साध्या कपड्यांत आला आणि दारातच उभा राहून विचारू लागला की बंदोबस्ताला उभं राहणं हे अनुभवात बसतं का. त्याला बसवलं आणि तासभर ऐकलं. मिरवणुकीच्या वाटेवर गर्दी कुठे साचते आणि कुठे आपोआप पांगते, याबद्दल त्याच्याकडे इतकं होतं की मी चहा सांगायचा विसरले. त्याला पहिल्याच प्रयत्नात प्रवेश मिळाला. हे मी अभिमानानं सांगते, कारण त्याच्या बायकोचाही विश्वास नव्हता आणि त्याच्या साहेबांचाही नव्हता.

पण जिच्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट प्रणाली इंगळेची आहे.

प्रणाली बडनेऱ्याची. वडील रेल्वेत होते, रुळांच्या देखभालीवर. उन्हापावसात हातोडा घेऊन रूळ तपासत चालण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि निवृत्तीनंतरही ते चालताना खाली बघूनच चालायचे. मुलगी हुशार होती. पदवीनंतर बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत बसून तिनं राज्यसेवेची तयारी केली. दोनदा मुलाखतीपर्यंत गेली आणि दोनदा थोडक्यात राहिली. तिसऱ्या वेळी पूर्वपरीक्षाही पार झाली नाही. तेव्हा तिला कुणीतरी या अभ्यासक्रमाबद्दल सांगितलं आणि बापलेक ऑटोनं माझ्याकडे आले.

मी अनुभवाची अट सांगितली. इंगळेकाका अजिबात डगमगले नाहीत. त्यांच्या पुतण्याचं कृषी सेवा केंद्र होतं. प्रणालीनं तिथे दोन वर्षं काम केलं असं पुतण्या लिहून देईल, त्यात काय एवढं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना म्हटलं, "काका, मुलाखतीत तिला विचारतील की दुकानात येणारा शेतकरी कोणतं औषध मागायचा आणि तुम्ही कोणतं द्यायचा. काय सांगेल ती?"

"थे आमी शिकवून देऊ," काका म्हणाले.

माणूस लबाड नव्हता. आयुष्यभर सचोटीनं काम केलेला होता. पण मुलीच्या वयाची त्याला धास्ती होती, आणि धास्तीपोटी माणसाला कुठलीही वाट सरळ दिसते. मी सांगितलं की खोटा अनुभव मी पाठवत नाही, आणि प्रणालीला खरंच जायचं असेल तर तिनं आधी काम करावं. आता प्रणालीचा आवाज चढला. ती म्हणाली की तिला सत्ताविसावं लागलं आहे, बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जातात, आणि मी तिला अजून दोन वर्षं थांबायला सांगते आहे. मी म्हटलं, थांबायला नाही, काम करायला सांगते आहे. ती उठून जिना उतरली. काका माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि तिच्या मागे गेले.

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण पुढच्या आठवड्यात ती एकटीच आली. काम कुठे मिळेल, एवढंच विचारलं.

पातूरला मुलींच्या शिक्षणावर काम करणारी एक छोटी संस्था आहे. तिथे तालुक्याचं काम बघायला माणूस हवा होता. दहावीनंतर किती मुली शाळा सोडतात आणि का सोडतात ते गावोगाव फिरून पाहायचं आणि जमेल ते करायचं, असं ढोबळ काम होतं. प्रणालीनं पातूरला खोली घेतली. मी शनिवारी अकोल्याला एका मैत्रिणीच्या शिकवणी वर्गात मार्गदर्शनाला बसते, तिथे ती मधूनमधून भेटायला यायची. पहिले काही महिने नुसत्या तक्रारी. गावात कुणी ऐकत नाही. पिशवीतलं पुस्तक बघून लोक विचारतात, ताई तुमची परीक्षा कधी आहे? मी तिला पुस्तक खोलीवर ठेवून जायला सांगितलं. ते तिला जड गेलं, पण तिनं केलं, आणि मग लोक तिच्याशी बोलायला लागले.

पातूर तालुक्यात डोंगराच्या बाजूला दोन गावं आहेत. नावं बदलून सांगते, वरचं आंबाडोह आणि खालचं सावरगाव. आंबाडोहला एस.टी.ची गाडी रात्री मुक्कामाला असायची. ही मुक्कामी गाडी पहाटे अंधारात निघायची, सावरगावावरून पातूरला यायची आणि तशीच पुढे अकोल्याला जायची. तिच्यानंतरची गाडी थेट दुपारी. अकरावी-बारावीच्या मुली पहाटेच्या गाडीनं आल्या तर कॉलेज उघडेपर्यंत पातूरच्या स्टँडवर तासन्‌तास बसून राहायच्या. स्टँडवर टवाळ पोरं असायची. मग एकेका घरानं मुलींना पाठवणं बंद केलं. प्रणालीला कारण सापडलं होतं, आणि कारण इतकं साधं होतं की तिला हुरूप आला. गाडी उशिरा सोडायची, बस्स.

तिनं आगाराच्या चकरा मारल्या. आगारप्रमुख भला माणूस होता. त्यानं सांगितलं की दोन्ही गावांचे ठराव आणा, मग बघतो. तिनं दोन्ही ग्रामसभांत जाऊन ठराव करून घेतले. आंबाडोहच्या सरपंचांची पुतणी त्याच मुलींमध्ये होती, त्यामुळे तिथेही कुणी हरकत घेतली नाही. तिच्या कामाच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडीची वेळ बदलली. बंद झालेल्या मुली पुन्हा कॉलेजात दिसू लागल्या. त्या शनिवारी प्रणाली अकोल्याला आली ती पेढे घेऊनच.

सोबत तिनं प्रवेशाच्या अर्जातला निबंधही लिहून आणला होता. या अर्जात स्वतःबद्दल एक निबंध द्यावा लागतो. मी काय काम केलं, त्यातून काय शिकले आणि पुढे काय करायचं आहे. प्रणालीचा निबंध सुरेख उतरला होता. प्रश्न, पाठपुरावा, यश. मी तो वाचला, पेढा खाल्ला आणि विचारलं, "ती गाडी पहाटे निघायची तेव्हा तिच्यात कोण बसायचं?"

ती म्हणाली, जवळजवळ रिकामीच असायची.

"तुला कुणी सांगितलं?"

"सरपंचांनी."

"तू कधी बसलीस त्या गाडीत पहाटे?"

ती बसली नव्हती. पातूरला राहणाऱ्या माणसाला आंबाडोहहून पहाटे निघायचं कारणच नव्हतं. तिनं निबंधाचे कागद माझ्या हातातून परत घेतले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती आंबाडोहला गेली.

तिथे जे झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. गावाच्या टोकाला ओढ्याकाठी भाजीचे मळे आहेत. तिथल्या बायका मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी असं संध्याकाळी तोडून ठेवायच्या आणि पहाटेच्या गाडीनं अकोल्याच्या भाजीबाजारात न्यायच्या. तिथे सकाळी लवकर हर्रास होतो, म्हणजे लिलाव. एकदा हर्रास उरकला की उरलेल्या मालाला कुणी विचारत नाही. गाडी उशिरा झाल्यापासून त्या बायका बाजार उठताना पोचत होत्या. काही जणी मिळून मालवाहू ऑटो करायच्या, काही जणींनी जाणंच सोडलं होतं. ग्रामसभेत त्यांच्यातली एकही नव्हती. सभा सकाळी भरली होती, आणि सकाळी त्या अकोल्याला होत्या.

प्रणालीला तिथे शोभाबाई भेटल्या. मळ्यात खुरपत होत्या. त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं नाही. "तूच का ते गाडीवाली पोट्टी?" त्यांनी विचारलं. प्रणालीनं हो म्हटलं. मग शोभाबाई बोलल्या ते प्रणालीनं मला शब्दन्‌शब्द सांगितलं.

"मी तुले शिव्या देऊ शकत नाई. माही निकिता त्याच गाडीनं कॉलेजात जाते. तिले काय म्हणू, घरी बस? पण एका घरात दोन टाइम झाले बाई. माहा टाइम गेला आन् तिचा आला. तू एक डाव इचारलं असतं तं काय बिघडलं असतं?"

प्रणाली तिथून थेट अमरावतीला आली. तिला अर्जच करायचा नव्हता. जी मुलगी एका गाडीची वेळ बदलताना त्या गाडीत कोण बसतं हे बघत नाही, ती कसलं धोरण शिकणार, असं ती मला म्हणाली. मी तिला रडू दिलं. माझ्या धंद्यात हे शिकावं लागतं. मग म्हटलं, निबंध पुन्हा लिही, आणि या वेळी शोभाबाईंना त्यात घे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंगळेकाकांचा फोन आला. मुलीनं नवा निबंध त्यांना वाचून दाखवला होता आणि ते हबकले होते. "मॅडम, आपलंच चुकलं असं लिहून कोणी पास होते का?" ते म्हणाले. "रेल्वेत चूक कबूल केली का चार्जशीट हातात येते."

मी त्यांना विचारलं की रुळाला तडा दिसला तर तुम्ही काय करायचे. ते म्हणाले, लाल झेंडी लावायची आणि गाडी थांबवायची. म्हटलं, झेंडी लावणाऱ्याला चार्जशीट मिळतं का? ते म्हणाले की नाही, त्याले शाबासकी मिळते. मग म्हणाले, बरं, धाडा. त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही मनात थोडी धाकधूक होती. मुलाखत घेणारी माणसंही माणसंच असतात. त्यांना यश ऐकायला आवडतं.

अर्ज गेला. आणि इकडे प्रणाली गाडीच्या मागे लागली. या वेळी तिनं रात्र आंबाडोहला शोभाबाईंकडे काढली, भाजीवाल्या बायकांसोबत ऑटोत बसून बाजारात गेली, हर्रास पाहिला, त्यांच्यासोबत परत आली. परतीच्या दुपारच्या गाडीत बायकांशी बोलताना तिला कळलं की कुणाला किती वेळ लागतो आणि टोपली कोण उचलून देतं. मग तिनं शोभाबाई, निकिता, दोन्ही गावच्या आणखी काही जणी आणि आगारप्रमुख यांची एक बैठक ठरवली. बैठक संध्याकाळी ठेवली, बायका बाजारातून आल्यावर. तारीख ठरली ती नेमकी मुलाखतीनंतरच्या सोमवारची.

मुलाखतीला ती दिल्लीला गेली. समोर तीन जण होते. त्यांनी निबंध नीट वाचला होता. मुलींचं झालं ते दोन वाक्यांत संपवून सगळे प्रश्न शोभाबाईंवर आले. बाजार किती वाजता भरतो, बायका ग्रामसभेला का नव्हत्या, सभा संध्याकाळी का भरत नाही. प्रणालीला सगळी उत्तरं माहीत होती, कारण ती आता त्या ऑटोत बसून आली होती. शेवटी त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, म्हणजे तुमचा हा प्रयत्न फसला म्हणायचा?

प्रणालीनं सांगितलं, "अजून नाही सर. सोमवारी बैठक आहे."

ते मला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी एकटीच खोलीत होते आणि मोठ्यानं हसले. इतक्या वर्षांत मी पोरांना मुलाखतीची शेकडो उत्तरं घोटवून घेतली. असं उत्तर मला कधी सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी शिकवता आलं नसतं. त्यासाठी सोमवारी खरीच बैठक असावी लागते.

बैठकीला मीही गेले. आंबाडोहच्या समाजमंदिरात झाली. आगारप्रमुखांनी सुरुवातीलाच सांगितलं की त्यांच्याकडे गाडी एकच आहे, दुसरी मिळणार नाही. मग बराच वेळ तिढा सुटेना. एकीनं म्हटलं, कॉलेजच लवकर उघडा. दुसरी म्हणाली, हर्रास उशिरा ठेवायला सांगा. तेवढ्यात निकितानं, म्हणजे शोभाबाईंच्या मुलीनं, विचारलं की गाडी अकोल्यालाच का गेली पाहिजे? पातूरहून अकोल्याला तर सारख्या गाड्या असतात. मुक्कामी गाडीनं पहाटे आईला आणि बाकीच्यांना पातूरला सोडावं, परत वर यावं, आम्हाला घ्यावं, आणि मग खुशाल अकोल्याला जावं.

आगारप्रमुखांनी डोक्याला हात लावला. ड्रायव्हर-कंडक्टरची ड्यूटी वाढते, डिझेल वाढतं. पण नाही म्हणाले नाहीत. खरी हरकत शोभाबाईंनीच घेतली. पातूरला गाडी बदलायची म्हणजे भरलेल्या टोपल्या दोनदा उतरवायच्या, दोनदा चढवायच्या. दुसऱ्या गाडीचा कंडक्टर टोपल्या पाहून बेल मारून मोकळा होतो. मुलीचं म्हणणं पटलं होतं, पण मुलगी म्हणते म्हणून त्या हो म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी दोन अटी घातल्या. अकोल्याची गाडी त्याच फलाटाला लागली पाहिजे आणि टोपल्या चढेस्तोवर हलता कामा नये. आगारप्रमुखांनी त्या मान्य केल्या आणि नवं कॉलेज वर्ष सुरू होईल तेव्हापासून काही महिने करून बघू, असं ठरलं. तोपर्यंत परीक्षा संपतच आल्या होत्या. परीक्षा आटोपताच गाडीची जुनी पहाटेची वेळ परत आली.

प्रणालीला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. काका पेढे घेऊन आले आणि म्हणाले की त्यांच्या जुन्या साहेबांना फोन करून सांगितलं, चूक लिहून पोरगी पास झाली म्हणून.

पण प्रणालीचा पाय निघेना. कॉलेजं जूनच्या शेवटी उघडणार, तेव्हा गाडीच्या दोन फेऱ्या सुरू होणार, आणि तिला जुलैत दिल्लीला हजर व्हायचं. पहिल्या आठवड्यातच काही बिनसलं तर आगारात कोण जाईल? तिनं मला विचारलं की एक वर्ष थांबू का. मी म्हटलं, शोभाबाईंना विचार. या वेळी तिला कारण सांगावं लागलं नाही. ती आंबाडोहला गेली आणि परत आली ती जायचं ठरवूनच. शोभाबाई तिला म्हणाल्या होत्या, "तू जाय. आगार आमी पाह्यलं हाये आता."

इथे मला एक खंत सांगायची आहे, कारण ती खरी आहे. माझं काम यशस्वी झालं याचा अर्थ असा होतो की इथलं एक कामाचं माणूस इथून गेलं. पातूरच्या संस्थेचे चालक मला एकदा म्हणालेच की आम्ही दोन वर्षं खपून माणूस तयार करतो आणि तुम्ही गाडीत बसवून देता. मी त्यांना सांगितलं की काही जण परत येतात, मी आलेच ना. ते बरं म्हणाले. पण तेही मोजत असणार आणि मीही मोजते. न आलेल्यांचा आकडा मोठा आहे.

गेल्या महिन्यात काही कामानं मला पातूरला जायचं होतं. मुद्दाम अकोल्याहून भल्या सकाळी निघाले. स्टँडवर पोचले तेव्हा मुक्कामी गाडीची पहिली फेरी नुकतीच आली होती. बायका टोपल्या उतरवत होत्या. शेजारीच अकोल्याची गाडी लागलेली होती, आणि तिचा कंडक्टर दारात उभा राहून चक्क एका टोपलीला हात देत होता. शोभाबाई सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. सगळ्या टोपल्या चढल्या की मगच त्या चढणार, असा त्यांचा शिरस्ता पडला असावा. त्यांनी मला ओळखलं.

प्रणाली कशी आहे, जेवण मिळतं का, थंडी किती आहे, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. दोन फेऱ्या आता कायमच्या झाल्याचं सांगितलं. निकिता बारावीला आहे. मग त्या सरळ मुद्द्यावर आल्या. "थे गेली शिकाले, चांगलं झालं. पण तिच्या जाग्यावर कोण येऊन रायलं?"

मी म्हटलं, संस्था माणूस शोधते आहे.

"शोधून रायली म्हंजे कोणी नाई," शोभाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे पोट्टे येतेत ना जी, अनुभव पाह्यजे म्हणून? मंग इकडे धाडा. आमच्याकडे बम आहे, पुरून उरन इतका."

कंडक्टरनं बेल मारली नव्हती. त्या चढल्या, आणि मग त्यानं मारली.

सोमवारी अमरावतीत माझ्याकडे एक तरुण आला. नाव विशाल. सहा वर्षं तयारी, दोनदा मुख्य परीक्षा, आणि आता हा अभ्यासक्रम करायचा आहे. अनुभवाचं कसं करायचं, त्यानं विचारलं. त्याच्या ओळखीत एक कृषी सेवा केंद्र होतंच. मी त्याला पातूरच्या संस्थेचा पत्ता दिला. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि तिथे नेमकं काम काय असेल ते विचारलं. मी सांगितलं की पहिले काही दिवस आंबाडोहला मुक्काम कर, सकाळच्या दोन्ही फेऱ्यांत बस, आणि कोण कुठे चढतं, कोण कुठे उतरतं ते पाहा. एवढंच.

तो गेला. काल त्याचा फोन आला होता. पहाटेच्या फेरीत बसायला जागाच मिळत नाही, अशी त्याची तक्रार आहे. मी म्हटलं, मग आगारात जा. तो म्हणाला की तो निघालाच होता, पण शोभाबाईंनी त्याला थांबवलं आहे. आधी दुसऱ्या फेरीच्या पोरींना विचार, मग जाय, असं त्या म्हणाल्या.